दोनदा मागे, एकदा खाली

नाव?
जीवराम
सभासद क्रमांक?
२१७
माल तयार?
नाही

इथेच थांबू या. कारण जीवरामांनी 'हो' दाबलं होतं.

गोष्ट १९७९ सालच्या मार्चमधली. जळगावात तापीकाठच्या केळीवाल्यांचा एक संघ होता, आणि दिल्लीच्या कुठल्याशा प्रयोग-योजनेतून त्या संघाच्या कचेरीत दोन वर्षांच्या बोलीवर एक कॉम्प्युटर येऊन बसला होता. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर एक लोखंडी कपाट आणि त्याच्याशी बोलायला एक टेलिप्रिंटर. कपाट प्रश्न विचारणार, प्रश्न कागदावर खडखडत उमटणार, आणि माणसाने कळा दाबून उत्तर द्यायचं. प्रश्न मराठीत, अक्षरं मात्र रोमन. 'हो'ला एच, 'नाही'ला एन.

कोणाचे घड कापायला आले आहेत हे सभासद दर आठवड्याला चिठ्ठीवर कळवत. चिठ्ठ्या यंत्रात जात. यंत्र यादी छापी, आणि तिच्यावरून रेल्वेकडे दिल्लीच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मागितल्या जात. यादीत 'तयार नाही' पडलं की वाघीण नाही. वाघीण नाही की केळी झाडावर पिकणार. झाडावर पिकलेली केळी दिल्लीला जात नाहीत, ती बकऱ्यांना जातात.

यंत्राला हे प्रश्न विचारायला शिकवलं होतं कुसुमलतेने. धुळ्याच्या मारवाडी घरातली, पुखराजशेठची मुलगी, गणितात एम.एस्सी., मुंबईला सहा आठवड्यांचं शिक्षण घेऊन आलेली. हा तिचा पहिलाच प्रोग्रॅम. आधी ती एकटीच सगळ्या चिठ्ठ्या भरायची. काम वाढलं, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी रावेरकडच्या गावांच्या चिठ्ठ्या जीवरामांकडे आल्या. जामनेरकडच्या तिच्याकडे राहिल्या.

जामनेरकडच्यांना वाघिणी मिळत होत्या. रावेरकडच्या एकशे बेचाळीस सभासदांपैकी एकालाही नाही.

आता संशय कोणावर जाईल ते सांगायला पंचांग लागत नाही.

नाव?
कुंदाबाई

कुंदाबाई यंत्रातून आल्या नाहीत. दारातून आल्या, काखेत पिकून पिवळाधमक झालेला घड घेऊन, आणि तो त्यांनी चेअरमन शालिग्राम नानांच्या टेबलावर ठेवला. मुंग्यांसकट.

"नाना, हे पाहा. तीन आठोडे झाले. मी चिठ्ठीवर 'तयार' लिहून देल्लं. मंग वाघीन काबरं नही?"

नानांनी चिठ्ठी काढायला सांगितली. चिठ्ठीवर 'तयार'. यादी काढायला सांगितली. यादीत 'तयार नाही'.

"दोघांच्या मधे कोन बसते?" कुंदाबाईंनी विचारलं.

मधे जीवराम बसत होते. त्यांनी मान खाली घातली नाही. भुसावळ जंक्शनच्या तारघरात एकतीस वर्षं टेलिप्रिंटरवर बसून निवृत्त झालेला माणूस, मान खाली घालायची त्याला सवय नव्हती. नजर कागदावर, बोटं कळांवर, मान ताठ.

"बाई, मी हो दाबलं," ते म्हणाले.

"दाबलं तं उमटलं काबरं नही भो? शाई संपली व्हती का?"

दारात जमलेले दोघेतिघे हसले. नाना हसले नाहीत.

"जीवराम, वरणगावला तुमच्या पुतण्याचे ट्रक आहेत ना? अभिमनचे?"

"दोन आहेत."

"वाघीण नाही आली की केळी ट्रकने जातात."

"जातात, नाना."

"मी काही म्हणत नाही," नाना म्हणाले. नाना असं म्हणाले की समजावं, म्हणून झालेलं आहे. "एकतीस मार्चला तुमच्या इथल्या नोकरीची मुदत संपते. वर्षभराची वाढ द्यायची की नाही, ते शनिवारी बसून ठरवू. तोवर हे कसं होतं ते कळलं पाहिजे. तुमच्या हातून झालं असेल तर वाढ नाही. आणि का नाही, ते मी गावोगाव सांगणार."

वाढ गेली असती तर जीवराम जगले असते, पेन्शन होतीच. पण गावोगाव. भुसावळपासून रावेरपर्यंत एकही स्टेशन असं नव्हतं जिथला माणूस जीवरामांचं नाव ऐकून 'त्यांच्या हातची तार? मग बरोबरच असणार' असं म्हणत नसे.

सभासद क्रमांक?

रावेरकडचे क्रमांक २०१ ते ३४२. जीवरामांनी रात्री जेवताना ते सगळे मनात चाळून पाहिले आणि त्यांच्या डोक्यात एक विचार आला. विचार असा, की यंत्र सगळ्यात आधी काय विचारतं? नाव विचारतं. चिठ्ठ्या भरणाऱ्याचं. ते कशाला हवं त्याला? टेलिप्रिंटरला कधी कोणी आपलं नाव सांगितलं होतं का? आणि नाव विचारायला शिकवलं कोणी? त्या पोरीने. त्या पोरीचे काका इंदरचंद जळगावातच केळीचे आडते. वाघीण नाही आली तर शेतकरी घायकुतीला येऊन माल कोणाच्या दारात टाकतो? म्हणजे ही पोरगी मुद्दाम आपल्याला—

माल तयार?
नाही

—अडकवते आहे. असं त्यांच्या मनात पूर्ण वाक्य व्हायचं होतं. पण तेवढ्यात पत्नीने विचारलं, "भात घेता ना?" आणि त्यांनी नको म्हटलं, आणि घासाबरोबर वाक्य अर्धंच गिळलं.

सकाळी ते कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचले. यंत्राने नाव विचारलं. त्यांनी टाइप केलं: कुसुमलता.

मग रावेरकडच्या चिठ्ठ्यांपैकी पहिल्या बारा भरल्या. सगळ्या 'तयार' होत्या, बाराही वेळा एच दाबला. यादी छापून घेतली.

बाराही ठिकाणी 'तयार नाही'.

आधी त्यांना हायसं वाटलं. यंत्राचा राग त्यांच्या नावावर नव्हता. मग भीती वाटली. नावावर नाही तर कशावर? आणि या दोन्हींच्या मधे, मुंगीसारखा, एक तिसरा विचार चालून गेला. तो त्यांनी झटकला नाही. आता एक असा कागद तयार झाला होता ज्यावर तिचं नाव होतं आणि खाली बारा चुका.

कागदाचे गुंडाळे रोज दुपारी नाना स्वतः घेऊन आपल्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवत. जीवरामांनी तो कागद फाडला असता तर हे सगळं इथेच संपलं असतं. त्यांनी फाडला नाही. तारघरात कागद फाडत नाहीत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे खरं होतं. पण संपूर्ण खरं नव्हतं.

नाव?
कुसुमलता

"हे काय आहे?" नानांनी कागद तिच्यासमोर धरला. "तुझं नाव. रावेरची गावं. बारा नाही."

कुसुमलतेने कागद पाहिला. जीवराम शेजारच्या टेबलावर चिठ्ठ्या लावत होते. पत्ते पिसावेत तशा त्याच चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा.

"हे मी भरलेलं नाही, नाना."

"नाव तर तुझं आहे."

"नाव कोणीही टाइप करू शकतं."

"म्हणजे कचेरीत तीन माणसं. तू, मी, जीवराम. मला टाइप येत नाही."

ती जीवरामांकडे बघेल असं त्यांना वाटलं. ती बघत नव्हती. ती कागदाकडेच बघत होती, डोळ्यांजवळ नेऊन, सोनार दागिना बघतो तशी.

"हा कागद मी ठेवू का, नाना? दोन दिवस."

"ठेव. शनिवारी आण." नाना जायला निघाले आणि दारात थांबले. "पुखराजशेठच्या मुलीवर असा वहीम घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण घेतोय. दोघांवर घेतोय. सारखा."

संध्याकाळी ती जीवरामांना म्हणाली, "आबा, उद्या तुम्ही चिठ्ठ्या भराल तेव्हा मी मागे बसले तर चालेल?"

"पाळत ठेवायला?"

"हो," ती म्हणाली. निदान खोटं बोलली नाही.

माल तयार?

दुसऱ्या दिवशी ती मागच्या खुर्चीवर बसली. जीवरामांची पाठ तिच्याकडे. तिची नजर मानेवर माशीसारखी बसली आहे हे त्यांना कळत होतं, पण बोटं एकदा सुरू झाली की त्यांना मागे कोण आहे याची पर्वा नसते. डोळे चिठ्ठीवर. यंत्राच्या कागदाकडे ते बघतच नसत. तारघरात कोणी बघत नाही, बघणारा शिकाऊ. ते एकामागून एक चिठ्ठी उलटत गेले.

पाच चिठ्ठ्या झाल्यावर मागून आवाज आला. "आबा, थांबा. तुम्ही २१७ लिहिलंत. तीन आकडे. मग एकदा 'मागे'ची कळ. एकूण चार वेळा खट् व्हायला हवं ना?"

"मग?"

"मी सहा ऐकले."

जीवरामांनी खुर्ची वळवली. "ऐकणारच. दोनदा मागे, एकदा खाली. तीन आकडे आणि तीन कळा."

"दोनदा का?"

आता हा प्रश्न भुसावळच्या तारघरात कोणी विचारला असता तर त्याला चहा आणायला पाठवलं असतं. जीवरामांनी तिला समजावलं. टेलिप्रिंटरमध्ये अक्षरं छापणारी गाडी ओळीच्या शेवटी उजवीकडे असते. तिला डावीकडे यायला वेळ लागतो. एकदाच मागे पाठवून लगेच अक्षर दाबलं तर ते वाटेतच कुठेतरी छापलं जातं, आणि पलीकडच्या स्टेशनवर 'गाडी ११ वाजता'चं काय होईल ते देव जाणे. म्हणून दोनदा मागे, एकदा खाली. पहिल्या दिवशी शिकवतात. मग ते तुमच्या हाताचं काम राहत नाही, हाताचं हाडच होऊन जातं.

"रोज? प्रत्येक ओळीला?"

"एकतीस वर्षं."

कुसुमलतेने खुर्ची पुढे ओढली, नानांकडून आणलेला तो बारा चुकांचा कागद उलगडला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'माल तयार?' या प्रश्नापुढे काहीच नव्हतं. एच उमटला होता एक ओळ खाली, पुढच्या सभासदाच्या क्रमांकाच्या प्रश्नापुढे, जिथे यंत्र फक्त आकडे मोजतं. बाराही ठिकाणी.

"बघा. तुम्ही क्रमांक लिहून एकदा 'मागे' दाबलंत. तिथे क्रमांक संपला. हे यंत्राला कळतं. 'खाली'ची कळ ते सोडून देतं, पण तुमची दुसरी 'मागे'ची कळ वाया जात नाही, आबा. दाबलेली प्रत्येक कळ आत रांगेत उभी राहते. यंत्र विचारतं, माल तयार? आणि तुमचं बोट एचवर जायच्या आधी रांगेतली उरलेली कळ पुढे होते. यंत्राला वाटतं, आलं उत्तर."

"पण ते उत्तर 'नाही' कुठे होतं? ती तर नुसती मागची कळ."

इथे तिने मान वर केली, आणि जीवरामांना तिचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. परीक्षेत पहिल्याच प्रश्नाचं उत्तर चुकल्याचं घरी आल्यावर कळतं, तसा.

"मी लिहिलंय तसं. एच असेल तर हो. एच नसेल तर... नाही." तिने कागद खाली ठेवला. "दुसरं काहीही आलं तर परत विचारायला हवं होतं. आणि विचारण्याआधी रांगेतलं उरलंसुरलं फेकून द्यायला हवं होतं. मी एकदाच कळ दाबते, म्हणून माझं कधी चुकलंच नाही. मला दिसलंच नाही."

जीवरामांनी सुस्कारा सोडायला तोंड उघडलं—

नाही

—पण ती त्याच आवाजात पुढे म्हणाली, "आणि हा कागद तुमच्या हातचा आहे."

पंखा फिरत होता. टेलिप्रिंटर गुरगुरत उत्तराची वाट पाहत होता.

"माझ्या हातून भरला असता तर एच जागेवर असता," ती म्हणाली.

जीवरामांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी जाताना पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून त्यांनी हिशेब लावला. तिच्याकडे आता दोन गोष्टी होत्या. एक, त्यांना वाचवणारी. दुसरी, त्यांना बुडवणारी. पहिली सांगितली तर तिचीच चूक उघडी पडते. मग ती पहिली कशाला सांगेल? दुसरीच सांगेल. आपण तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं. तिच्या जागी नसतानाही आपण जवळजवळ तेच केलं आहे, हे मधल्या भादली स्टेशनच्या आसपास त्यांच्या ध्यानात आलं, आणि भुसावळपर्यंतचा रस्ता त्यांना फार लांब वाटला.

सभासद क्रमांक?

शनिवार. नाना, संघाचे चार संचालक, आणि न बोलावता आलेल्या कुंदाबाई.

कुसुमलता उभी राहिली आणि तिने पहिली गोष्ट सांगितली. "चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. आबा रेल्वेच्या पद्धतीने कळा दाबतात, ती पद्धत बरोबर आहे. उरलेल्या कळांचं काय करायचं ते मी यंत्राला शिकवलं नव्हतं. काल शिकवलं."

संचालकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या बन्सीलालांनी तपकीर ओढली आणि म्हणाले, "परवापर्यंत या दोघांचं तोंड एकमेकांकडे नव्हतं. आज ही त्याचं वकीलपत्र घेते. मला तर आता जास्तच संशय येतोय. मिळाले दोघं!"

"ट्रकवाला आणि आडत्या," दुसरे म्हणाले. "जोडी बरी जमली."

"बोलण्यावर जाऊ नका," कुसुमलतेचा आवाज चिरकला. "कोणालाही बसवा. वाटेल त्या कळा दाबू दे. एन दाबल्याशिवाय आता यंत्र 'नाही' म्हणणार नाही."

"मी बसते," कुंदाबाई म्हणाल्या.

कोणी हो म्हणायच्या आत त्या पदर खोचून टेलिप्रिंटरसमोर बसल्याही. जीवरामांनी त्यांच्यासाठी क्रमांक टाकला, आपल्या पद्धतीने, दोनदा मागे आणि एकदा खाली. कागदावर उमटलं: माल तयार? यंत्र थांबलं.

कुंदाबाईंनी सरकी निवडावी तशी पाची बोटं कळांवर फिरवली. यंत्र: माल तयार? त्यांनी तळहात आपटला. माल तयार? मग कोपर. माल तयार?

"आ गं माय," कुंदाबाई म्हणाल्या, "हे तं माह्या सासूपेक्षा चिवट निंघालं. कितींदा इचारते! तयार हाय, बाई, तयार हाय! कोनती कळ?"

"ही, एच," कुसुमलतेने दाखवली.

त्यांनी एका बोटाने, देवाला कुंकू लावावं तसं, एच दाबला. यादीत 'तयार' उमटलं. बन्सीलालांनी कागद दोनदा वाचला, उलटा करून पाठही बघितली, आणि मग तपकिरीची डबी खिशात ठेवली.

"ठीक," नाना म्हणाले. "म्हणजे जीवरामांच्या हातचा दोष नाही. वाढ द्यायला माझी हरकत नाही." जीवरामांच्या खांद्यांवरून एकतीस वर्षांचं वजन उतरावं, तेवढ्यात नानांनी हात पुढे केला. "आता तो बारा चुकांचा कागद. कुसुमलता, तो तू भरलेला नाहीस म्हणालीस. मग कोणी भरला?"

ती उभीच होती. कागद तिच्या हातात होता. तिने फक्त तो टेबलावर ठेवला.

"मी सांगू शकत नाही, नाना."

"माहीत नाही, की सांगत नाहीस?"

तिने कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"पाहा!" बन्सीलाल म्हणाले. "काहीतरी आहेच. ही पोरगी ठेवायची की नाही, याचाही विचार झाला पाहिजे. यंत्र नीट केलं, मान्य. पण बिघडवलं चुकून की मुद्दाम, हे कोणी बघितलंय?"

जीवराम तिच्याकडे बघत होते. ती दुसरी गोष्ट सांगत नव्हती. का सांगत नव्हती, ते त्यांना समजेना. दया असेल तर त्यांना ती नको होती. डाव असेल तर तो कोणता? एक विचार असाही आला, की ती वाट बघते आहे. प्रश्न विचारून झाला आहे, आणि उत्तर ज्याचं आहे त्यानेच द्यायचं आहे. तोवर गप्प राहिलं तरी चालणार होतं. वाढ त्यांच्या हातात आलेलीच होती.

"मी भरला," जीवराम म्हणाले.

"काय?"

"कागद मी भरला. तिच्या नावाने. मला वाटलं, यंत्र नाव बघून फसवतं, म्हणून करून पाहिलं. पण तो कागद तिच्यावर जाईल हे मला कळत होतं, नाना. आणि मी जाऊ दिला."

नानांनी चष्मा काढला. जीवरामांशी त्यांची ओळख तारघराच्या खिडकीतली, वीस वर्षांची. "जीवराम, नीट विचार करून सांगा. भलत्याचं नाव घालून कागद केला, असं वहीत गेलं तर मला वाढ देता येणार नाही. परत विचारतो. कोणी भरला?"

"मीच."

"अजून एकदा विचारतो."

"कितीदाही विचारा, नाना. मीच भरला."

नानांनी चष्मा पुन्हा घातला, वही पुढे ओढली. मग लिहिलं. कुंदाबाई म्हणाल्या, "तरी मानूस खरं बोलला भो," तर बन्सीलाल म्हणाले, "पकडल्यावर!" आणि कुंदाबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांना पुन्हा डबी काढावी लागली.

बैठक उठली. जीवराम आपली पिशवी भरत होते. पितळी डबा, चष्म्याचं घर, टाक. कुसुमलता जवळ आली.

"मी सांगणार नव्हते, आबा."

"का?"

"तुम्ही सांगता का ते बघायचं होतं."

जीवरामांना राग आला. मग तो कोणावर काढावा ते कळेना. "आणि नसतं सांगितलं तर?"

रावेरकडच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून तिने त्यांच्यापुढे धरला. एकशे बेचाळीस. सोमवारच्या वाघिणींसाठी यादी आज पाचपर्यंत स्टेशनवर जायला हवी होती, आणि तिच्या एकटीच्या हातून पाचपर्यंत होणार नव्हती.

"एकतीस तारखेला अजून आठ दिवस आहेत," ती म्हणाली.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा. पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बसले.

नाव?

त्यांनी आपलं टाइप केलं.